सर्व्हरच्या पाठीमागची किल्ली

जीनोम इंडिया प्रकल्पातील सुमारे १० हजार भारतीयांच्या जनुकसंचांची विदा ९ जानेवारी २०२५ रोजी संशोधकांसाठी खुली झाली. ती फरिदाबाद येथील भारतीय जैविक विदा केंद्रात ठेवलेली आहे आणि रीतसर प्रस्ताव मांडून, अटी मान्य करूनच तिच्यापर्यंत पोहोचता येते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याचे नियम अधिसूचित झाले. पहिली बातमी विज्ञानाच्या पानावर आली, दुसरी अर्थकारणाच्या. दोन्हींवर पुष्कळ लिहिले गेले. माझ्या दृष्टीने मात्र या दोन बातम्यांचा सांधा एका अगदी क्षुल्लक वस्तूपाशी जुळतो, आणि ती वस्तू म्हणजे बाजारात तीन-चारशे रुपयांना मिळणारा पेनड्राइव्ह.

संशोधनासाठी गोळा केलेली कितीतरी विदा राष्ट्रीय भांडारात पोहोचण्यापूर्वी, आणि पुष्कळदा पोहोचल्यानंतरही, एखाद्या विभागाच्या कोपऱ्यातील वातानुकूलित खोलीत, एका साध्या सर्व्हरवर नांदत असते. रुग्णांचे मेंदूचे एमआरआय, कर्करोगाच्या गाठींचे क्रमनिर्धारण, गावोगावी फिरून भरून आणलेल्या आरोग्यविषयक प्रश्नावल्या. अशा सर्व्हरच्या डिस्क कूटबद्ध असाव्यात ही अट आता नैतिकता समित्यांच्या अर्जांत दिसू लागली आहे, आणि ती बहुतेक ठिकाणी कागदावर पूर्णही होते. प्रश्न पुढे उभा राहतो. डिस्क कूटबद्ध केली, मग तिची किल्ली कुठे ठेवायची?

ज्यांचा या विषयाशी संबंध आलेला नाही अशा विद्यार्थ्यांसाठी यंत्रणा थोडक्यात सांगते. लिनक्सवर चालणाऱ्या सर्व्हरमध्ये डिस्क कूटबद्ध करण्याची रूढ पद्धत म्हणजे लक्स. यात डिस्कवरील प्रत्येक अक्षर एका मुख्य किल्लीने कूटबद्ध केलेले असते. ही मुख्य किल्ली डिस्कच्याच आरंभी एका शीर्षभागात ठेवलेली असते, पण तीही कुलूपबंद. ते कुलूप उघडण्यासाठी माणसाने टंकलेला परवलीचा शब्द चालतो किंवा एखाद्या फाइलमध्ये साठवलेला यादृच्छिक अंकांचा समूहही चालतो. सर्व्हर सुरू होताना, मूळ कार्यप्रणाली जागी होण्यापूर्वीच, कोणीतरी हे कुलूप उघडून द्यावे लागते. ते उघडले नाही तर यंत्र काळ्या पडद्यावर एक प्रश्न दाखवून निमूट वाट पाहत राहते.

आणि आपल्याकडे वीज जाते. यूपीएस दहा-पंधरा मिनिटे तग धरतो, जनित्र कधी सुरू होते, कधी होत नाही. पहाटे तीनला वीज गेली आणि साडेतीनला परतली, तर सर्व्हर आपोआप उठावा, अर्धवट राहिलेली गणिते पुढे चालू व्हावीत, सकाळी कोणाला कळूही नये, अशी प्रत्येक प्रयोगशाळेची अपेक्षा असते. ती गैर नाही. परवलीचा शब्द टंकायला पहाटे तीनला कोणी हजर नसते, म्हणून किल्लीची फाइल पेनड्राइव्हवर टाकली जाते, यंत्राने ती स्वतःच वाचावी अशी व्यवस्था होते, आणि मग तो पेनड्राइव्ह सर्व्हरच्या पाठीमागच्या खोबणीत कायमचा वस्तीला येतो. त्यावर चिकटपट्टी लावून ‘काढू नये’ असे लिहिलेलेही मी पाहिले आहे. नैतिकता समितीच्या अर्जात तेव्हाही ‘विदा कूटबद्ध आहे’ या चौकटीत बरोबरची खूण असते, आणि ती खोटी नसते.

या व्यवस्थेची थट्टा करणे सोपे आहे, पण ती पूर्णपणे निरर्थक आहे असे मी म्हणणार नाही. संरक्षण कोणापासून हवे, हे ठरवल्याशिवाय कुलपाचे मोल ठरत नाही. समजा, एक डिस्क बिघडली आणि हमीच्या मुदतीत बदलून घेण्यासाठी कंपनीकडे पाठवली. समजा, पाच वर्षांनी जुन्या डिस्क भंगारात गेल्या. या दोन्ही प्रसंगी डिस्क बाहेर जाते आणि पेनड्राइव्ह मागे राहतो. डिस्क विकत घेणाऱ्याच्या हाती निव्वळ गोंगाट पडतो. संशोधनसंस्थांतील विदा घराबाहेर पडण्याची सर्वांत संभाव्य वाट चोरी नसून भंगार ही आहे, असे माझे मत आहे, आणि त्या वाटेवर हा खोबणीतला पेनड्राइव्हही खरोखर उपयोगी पडतो. परंतु संपूर्ण यंत्र उचलून नेले, दुरुस्तीला पाठवले किंवा विभागाच्या स्थलांतरात ट्रकमध्ये चढवले, की किल्ली कुलपासकट गेली. घराला कुलूप लावून किल्ली उंबरठ्याखाली ठेवण्यात निदान उंबरठा कोणता हे शोधावे लागते. इथे तेवढाही आडपडदा नाही.

दुसऱ्या बाजूची भ्रांतीही दूर करायला हवी. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्समधील सर्व्हरवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला. पाच सर्व्हर बाधित झाल्याचे सरकारने नंतर संसदेत सांगितले. नोंदणीपासून तपासण्यांपर्यंतची कामे कित्येक दिवस कागदावर करावी लागली. त्यानंतर ‘आमची डिस्क कूटबद्ध आहे, आम्हाला चिंता नाही’ असे आत्मविश्वासाने सांगणारे लोक मला भेटले आहेत. हे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. डिस्कचे कूटबद्धीकरण बंद पडलेल्या यंत्राचे रक्षण करते. सर्व्हर एकदा सुरू झाला की मुख्य किल्ली त्याच्या स्मृतीत असते आणि डिस्क सर्वांसाठी, म्हणजे आत घुसलेल्या हल्लेखोरासाठीही, उघडी असते. जाळ्यातून येणाऱ्या हल्ल्याला उत्तर जाळ्याच्या विभागणीत, प्रवेशाधिकारांत आणि वेगळ्या ठेवलेल्या प्रतींत शोधावे लागते. पेनड्राइव्ह खोबणीत असो वा तिजोरीत, त्याने इथे काही फरक पडत नाही.

बंद यंत्राबाबतही एक बारकावा आहे, आणि तो भौतिकशास्त्राचा असल्यामुळे मला विशेष प्रिय आहे. २००८ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की वीज तोडल्यानंतरही संगणकाच्या डीरॅम स्मृतीतील मजकूर तत्क्षणी पुसला जात नाही. सूक्ष्म धारित्रांतील विद्युतभार काही सेकंद रेंगाळतो, आणि स्मृतीची पट्टी उणे ५० अंश सेल्सियसपर्यंत थंड केली तर मिनिटेच्या मिनिटे टिकतो. तेवढ्या अवधीत किल्ली वाचता येते. आपल्या विद्यापीठात कोणी असा शीतकारक फवारा घेऊन येईल असे मला वाटत नाही. मुद्दा एवढाच, की पेनड्राइव्ह काढून खिशात टाकला म्हणजे किल्ली यंत्रातून गेली, ही समजूत बरोबर नाही.

आता खुद्द पेनड्राइव्हकडे वळू. २५६ बिटांची किल्ली म्हणजे अवघे ३२ बाइट. ३२ गिगाबाइटच्या पेनड्राइव्हमध्ये तशा १ अब्ज किल्ल्या मावतील. पण हे ३२ बाइट कशावर लिहिले जातात? पेनड्राइव्हमधील फ्लॅश स्मृतीचे मूळ १९६७ मध्ये बेल प्रयोगशाळेत दावोन कांग आणि सायमन झी यांनी मांडलेल्या तरंगत्या द्वाराच्या कल्पनेत आहे. तिला आजचे फ्लॅशचे रूप १९८० च्या दशकात तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी दिले. प्रत्येक कोशात चहूबाजूंनी विद्युतरोधकाने वेढलेले एक बेट असते. त्या बेटावर इलेक्ट्रॉन चढवायचे, तर ते काही नॅनोमीटर जाडीच्या ऑक्साइडच्या भिंतीतून पुंज-बोगद्याने पाठवावे लागतात. प्रबळ विद्युतक्षेत्रात असे कसे घडते याचे गणित फाउलर आणि नॉर्डहाइम यांनी १९२८ मध्येच करून ठेवले होते. भिंत पार करणे अवघड म्हणूनच वीज नसतानाही इलेक्ट्रॉन बेटावर अडकून राहतात आणि आपली फाइल टिकते.

अडकून राहतात, पण कायमचे नव्हे. प्रत्येक लेखनाबरोबर ऑक्साइडमध्ये दोष साचतात, त्या दोषांच्या पायऱ्या करून इलेक्ट्रॉन हळूहळू निसटतात आणि तापमान वाढले की ही गळती घातांकी वेगाने वाढते. आता तो चिकटपट्टी लावलेला पेनड्राइव्ह आठवा. सर्व्हरची पाठ म्हणजे गरम हवा बाहेर फेकण्याची जागा. जी वस्तू थंड, कोरड्या कपाटात ठेवायला हवी, ती आपण वर्षानुवर्षे यंत्राच्या उच्छ्वासात शेकत ठेवतो. त्रुटी दुरुस्त करणारी सांकेतिक व्यवस्था पेनड्राइव्हमध्ये असते आणि ती काही बिटांची चूक सावरते. तिची मर्यादा ओलांडली की फाइल बिघडते. छायाचित्रातला एखादा बिट उलटला तर एक ठिपका वेगळ्या रंगाचा दिसतो. किल्लीत एक बिट उलटला तर ती किल्ली संपूर्णपणे दुसरीच असते. कूटशास्त्रात जवळपास बरोबर असे काही नसते.

म्हणून किल्लीची एकच प्रत ठेवणे हा गोपनीयतेचा अतिरेक नसून विदेशी खेळलेला जुगार आहे. लक्सच्या जुन्या आवृत्तीत ८ आणि नव्या आवृत्तीत ३२ पर्यंत कप्पे असतात. प्रत्येक कप्पा वेगळ्या किल्लीने उघडतो. एका कप्प्यात रोजची किल्ली, दुसऱ्यात संस्थेच्या तिजोरीत कागदावर छापून ठेवलेला लांब परवलीचा शब्द, एवढे केले तरी बरेच साधते. कागद हे माध्यम आपण उगाचच हिणवतो. चांगल्या शाईने लिहिलेला कागद शंभर वर्षे टिकल्याची उदाहरणे आपल्या ग्रंथालयांत हवी तेवढी आहेत. पेनड्राइव्हचा जन्मच मुळी या शतकाच्या उंबरठ्यावरचा. डिस्कच्या शीर्षभागाचीही एक प्रत वेगळी ठेवावी लागते, कारण तो नष्ट झाला तर सगळ्या किल्ल्या हातात असूनही कुलूपच उरत नाही.

शीर्षभागाच्या प्रतीवरून आणखी एक गोष्ट, जी मला पाठ्यपुस्तकांत फारशी ठळकपणे मांडलेली दिसत नाही. पेनड्राइव्ह हरवला, तर सामान्यतः तो कप्पा पुसून नवी किल्ली बसवतात आणि प्रश्न मिटला असे समजतात. मात्र कप्पा बदलला तरी आतली मुख्य किल्ली तीच राहते. ज्याच्याकडे जुना पेनड्राइव्ह आणि शीर्षभागाची जुनी प्रत दोन्ही आहेत, त्याला डिस्क अजूनही उघडते. विदा संवेदनशील असेल तर सगळी डिस्क नव्या मुख्य किल्लीने पुन्हा कूटबद्ध करण्याला पर्याय नाही. काही टेराबाइटसाठी त्याला तास किंवा दिवस लागतील, लागोत.

पुसण्याचाही असाच प्रश्न. चुंबकीय डिस्कवर एखादी फाइल दुसऱ्या मजकुराने झाकली की ती बहुधा खरोखर जाते. फ्लॅशमध्ये तसे होत नाही. कोश समप्रमाणात झिजावेत म्हणून आतला नियंत्रक प्रत्येक नवे लेखन वेगळ्या जागी करतो आणि जुनी प्रत तशीच मागे पडून राहते. २०११ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतील संशोधकांनी हे तपासून पाहिले, तेव्हा फ्लॅशवरील एकटी फाइल खात्रीने नष्ट करणारी एकही तत्कालीन सॉफ्टवेअर पद्धत त्यांना आढळली नाही. म्हणजे ज्या पेनड्राइव्हवर एकदा किल्ली टाकली, तो पुढे कधीही ‘रिकामा’ समजू नये. तो दुसऱ्या कामाला वापरू नये, कोणाला देऊ नये, आणि टाकायची वेळ आली की आतली चिप फोडून टाकावी. तोच पेनड्राइव्ह घेऊन परिषदेचे भित्तिपत्रक छापायला झेरॉक्सच्या दुकानात जाणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. तिथला संगणक दिवसभरात कितीजणांचे पेनड्राइव्ह गिळत असतो! नतान्झच्या इराणी अणुकेंद्रापर्यंत स्टक्सनेट पोहोचला तो अशाच हातोहाती फिरणाऱ्या उपकरणांतून, असे मानले जाते. आणि २०१४ मध्ये बर्लिनच्या संशोधकांनी दाखवले, की पेनड्राइव्हच्या नियंत्रकातला कार्यक्रमच बदलून त्याला कळफलक असल्याचे सोंग आणायला लावता येते.

मग करायचे काय? पेनड्राइव्ह हद्दपार करा, असे मी सुचवत नाही. रोज सुरू-बंद न होणाऱ्या यंत्रासाठी तो उत्तम आहे. फक्त किल्ली वापरल्यावर तो कुलपातून निघाला पाहिजे आणि त्यावरील फाइल स्वतः एका परवलीच्या शब्दाने बंद असली पाहिजे, म्हणजे निव्वळ वस्तू सापडून भागणार नाही. पहाटेच्या विजेचा प्रश्न सोडवायला वेगळी साधने आहेत आणि ती विनामूल्य आहेत. क्लेव्हिस आणि टँग ही जोडी घ्या. यात सर्व्हर सुरू होताना संस्थेच्या अंतर्गत जाळ्यावरील दुसऱ्या एका यंत्राशी संवाद साधतो आणि त्या संवादातूनच किल्ली पुन्हा घडवली जाते. गंमत अशी, की त्या दुसऱ्या यंत्राला किल्ली कधीच कळत नाही. सर्व्हर संस्थेच्या भिंतींच्या आत असेल तर वीज परतताच आपोआप उठतो. कोणी उचलून बाहेर नेला तर त्याला संवाद साधायला कोणी सापडत नाही आणि तो मुका राहतो. ते दुसरे यंत्र मात्र दुसऱ्या इमारतीत हवे. दोन्ही एकाच कपाटात ठेवल्याची उदाहरणे निघतीलच. ज्यांना एवढा खटाटोप नको, त्यांना सुरू होण्याच्या टप्प्यावरच दुरून सुरक्षित जोडणी करून परवलीचा शब्द पाठवण्याची सोय करता येते. ज्याने शब्द द्यायचा, त्याला निदान अंथरुणातून देता येतो.

तिजोरीतल्या किल्लीबाबत तर गणिताने १९७९ मध्येच सुंदर उत्तर दिले आहे. आदी शमीर यांच्या पद्धतीत किल्लीचे पाच वाटे करून पाच जणांना देता येतात, असे की कोणतेही तीन एकत्र आल्यावर किल्ली मिळते आणि दोघांना मिळून काहीही कळत नाही. कल्पना अकरावीच्या विद्यार्थ्यालाही समजेल: तीन बिंदूंमधून एकच परवलय जाते, दोन बिंदूंमधून अगणित. इंटरनेटच्या नामव्यवस्थेची मूळ किल्ली जिथे वापरली जाते, त्या अमेरिकेतील दोन केंद्रांतही २०१० पासून याच वृत्तीची व्यवस्था आहे. जगभरातील विश्वस्तांपैकी ठरावीक संख्येने लोक हजर असल्याशिवाय तिजोरीतले यंत्र काम करत नाही. प्रयोगशाळेला इतका सोहळा नको. प्रमुख संशोधक, विभागप्रमुख, संगणक केंद्र, कुलसचिवांची तिजोरी आणि एक विद्यार्थी, असे पाच वाटेकरी पुरेत.

हे सगळे तंत्र उपलब्ध असताना पेनड्राइव्ह खोबणीतच का राहतो? माझे उत्तर तांत्रिक नाही. आपल्या बहुतेक प्रयोगशाळांत सर्व्हर सांभाळण्याचे काम कोणाच्याच पदनामात नसते. ते पीएचडीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात असलेल्या, ‘तुला लिनक्स येते ना?’ या एका प्रश्नाला होकार देऊन बसलेल्या विद्यार्थ्याच्या गळ्यात पडते. त्याला त्याचे श्रेय नाही, वेळ नाही, प्रशिक्षण नाही. वीज गेल्यावर रात्री दूरध्वनी मात्र त्यालाच. अशा माणसाने पेनड्राइव्ह खोबणीत ठेवून दिला तर मी त्याला दोष देणार नाही. कोट्यवधींचे क्रमनिर्धारण यंत्र मंजूर करणाऱ्या समित्यांनी त्याच्या शेजारच्या सर्व्हरसाठी अर्धवेळ तंत्रज्ञाचे पद प्रस्तावात मागितले आहे का, हे विचारले तर कितीतरी फरक पडेल. नव्या कायद्यात वाजवी सुरक्षाव्यवस्था न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. संशोधनाला काही सवलती आहेत, पण त्या ठरावीक मानके पाळण्याच्या अटीवर. त्या मानकांची पूर्तता शेवटी कोण करणार, तर तोच विद्यार्थी.

दंडाहून मला सहभागी व्यक्तींची चिंता अधिक वाटते. बँकेचा परवलीचा शब्द फुटला तर बदलता येतो. जनुकसंच बदलता येत नाही, आणि तो एकट्याचा नसतोही. भावंडांविषयी, मुलांविषयी, अजून न जन्मलेल्या नातवंडांविषयी तो काही ना काही सांगत असतो. रक्ताचा नमुना देणाऱ्या त्या गावातील बाईने संमतीपत्रावर अंगठा उठवला, तेव्हा तिने आपल्या पेनड्राइव्हचीही जबाबदारी आपल्यावर टाकली, जरी तिला ती वस्तू ठाऊक नसली तरी.

एक छोटी सूचना लगेच अमलात आणण्याजोगी आहे. पीएचडी संपवून निघणाऱ्या विद्यार्थ्याला ‘काहीही येणे नाही’ असा दाखला गोळा करत दारोदार फिरावे लागते. ग्रंथालयाची पुस्तके, वसतिगृहाची खाट, ओळखपत्र, भांडारातील काचसामान, क्रीडा विभागाची रॅकेटसुद्धा त्या तक्त्यात असते. सर्व्हरच्या किल्ल्या नसतात. तो विद्यार्थी परदेशी निघून जातो, किल्ली त्याच्या खिशात किंवा डोक्यात जाते, आणि दीड वर्षाने वीज गेल्यावर प्रयोगशाळेला ते कळते. त्या तक्त्यात एक ओळ वाढवावी: कोणकोणत्या यंत्रांच्या किल्ल्या होत्या, कोणाकडे सोपवल्या, सोपवल्यानंतर जुना कप्पा पुसला का, आणि नव्या किल्लीने यंत्र एकदा प्रत्यक्ष बंद करून सुरू करून पाहिले का. खाली दोघांच्या सह्या.